पाठीचे दुखणे आणि दुसरा बाण



कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवे संथागार बांधले, तेव्हा त्यात प्रथम तथागतांनी पाऊल ठेवावे अशी त्यांनी विनंती केली. भगवंत आले, रात्री उशिरापर्यंत बोलले आणि मग त्यांनी आनंदाला सांगितले की, पुढचा उपदेश तू कर, माझी पाठ दुखते आहे. संघाटीची चौघडी करून ते उजव्या कुशीवर आडवे झाले. मज्झिम निकायाच्या सेख सुत्तात ही हकीकत आहे. आपल्या प्रवचनांतून ती क्वचितच ऐकू येते. आपल्याला ताठ बसलेली मूर्ती आवडते. पाठ दुखणारा बुद्ध आपण विसरतो.

आमच्या वस्तीतील एक उपासक धान्याच्या गोदामात हमाली करीत असे. पोत्यांची थप्पी कोसळून तो तिच्याखाली सापडला. हाड सांधले, पण कंबरेतली कळ चार वर्षे झाली तरी जात नाही. एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, म्हणून मुकादम म्हणतो, सोंग आहे. शेजारपाजारचे म्हणतात, मागल्या जन्मीचे भोग! तो बिचारा आता विहारात येत नाही. मांडी घालून बसवत नाही आणि चारचौघांत पाय पसरायची लाज वाटते.

मागल्या जन्मीचे भोग! 1956 साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या तोंडी हे शब्द अजून यावेत? मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना हाच प्रश्न विचारला होता. माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे कित्येक म्हणतात. आपले मत काय? भगवंतांनी हे म्हणणे चुकीचे ठरविले. वेदनेची आठ कारणे त्यांनी सांगितली. पित्त, कफ, वात, ऋतूचा पालट ही त्यांत आहेत, शरीराची विषम हाताळणी आहे, बाहेरून झालेला आघात आहे. कर्मविपाक हे आठांतले केवळ एक. हमालाच्या कंबरेचे कारण शोधायला मागल्या जन्मात कशाला जायचे? ते गोदामात आहे, वाकड्या रचलेल्या थप्पीत आहे. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत गरिबांच्या हालांची जबाबदारी समाजावरून आणि राज्यावरून झटकून टाकतो, हे परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दाखवून दिले आहे. मालकाला याहून सोयीचे तत्त्वज्ञान कोणते?

आता त्या उपासकाच्या मनाकडे वळू. सल्ल सुत्तात तथागत बाणाचा दृष्टांत देतात. एक बाण लागलेल्या माणसाला लगेच दुसरा बाण लागावा, तशी अज्ञ माणसाची गत होते. शरीर दुखते हा पहिला बाण. मग तो शोक करतो, छाती पिटतो, हा दुसरा. धम्म जाणणाऱ्या श्रावकाला एकच बाण लागतो. पण लागतो! धम्म समजला की कंबर दुखायची थांबते, असे तथागतांनी कोठेही सांगितलेले नाही. तसे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

त्याच सुत्तात आणखी एक मार्मिक गोष्ट आहे. अज्ञ माणसाला दुःखातून सुटायला इंद्रियसुखाखेरीज वाटच ठाऊक नसते. आपल्या वस्त्यांत त्या वाटेचे नाव दारू. रात्री कळ मारण्यासाठी घेतलेला पहिला पेला औषध म्हणून पोटात जातो. पुढे कळही राहते आणि पेलाही राहतो. त्याला पंचशीलाची आठवण जरूर द्यावी, पण त्याआधी झोप लागते का, दवाखान्यात कोण नेते, हे विचारावे.

वैद्यकशास्त्र आज काय म्हणते तेही सांगतो. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. जखम भरली तरी मज्जासंस्था वेदनेचे इशारे देतच राहू शकते, म्हणून चित्रात काही दिसले नाही तरी वेदना खरी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू असलेल्या रोगवर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान आहे. अंथरुणाला खिळून राहण्याने ती बहुधा वाढतेच. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू चालणे, बेताचा व्यायाम हितकारक असतो. ‘सोंग आहे’ म्हणणाऱ्याला हे ऐकवावे.

एका आजारी भिक्षूची गोष्ट विनयात आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडला होता. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे भगवंतांनी विचारले. मी कोणाच्या काही कामाचा नाही म्हणून, असे त्याने सांगितले. (हमालही हेच म्हणतो!) भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले.

आपण काय करणार? कामावर झालेल्या इजेची भरपाई 1923 पासून कायद्याने हक्काची आहे. आता ती 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. मजूर खाते सांभाळलेल्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी हा हक्क दयेसारखा मागू नये. दवाखान्याचे कागद जपावेत, अपघात पाहणाऱ्यांची नावे लिहून घ्यावीत. घराण्यात प्रथमच लेखणी हाती आलेल्या आम्हा शिक्षकांनी संध्याकाळी बसून हे अर्ज लिहून द्यावेत.

आणि येत्या पौर्णिमेला विहारात भिंतीलगत दोन खुर्च्या आणि एक सतरंजी मांडून ठेवावी. ज्याला बसवत नाही त्याने खुशाल आडवे होऊन वंदना म्हणावी. त्याला आणायला दोघांनी घरी जावे, आणि वाटेत त्याच्या पावलाने चालावे.