अर्ध्या शक्तीचे माप

प्रौढ गृहस्थाने मैदानावर जीव तोडून धावावे काय, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. आपल्या परंपरेने व्यायामालाही मर्यादा घातली आहे. वाग्भटाने बलवान माणसालासुद्धा थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला. अन्य ऋतूंत त्याहूनही कमी. मग आठवड्यातून एकदोनदा सर्व सामर्थ्यानिशी धावणारा पन्नाशीचा मनुष्य संयमाचा भंगच करीत नाही काय?

मला तसे वाटत नाही. ज्याने आपली पूर्ण शक्ती कित्येक वर्षांत पाहिलीच नाही, त्याला तिचा अर्धा भाग कोणता हे कसे कळावे? आपण ज्याला संयम म्हणतो तो पुष्कळदा निव्वळ आळस असतो. देवळाच्या पायऱ्या चढताना लागणारी धाप ही काही वैराग्याची खूण नव्हे! वयाबरोबर स्नायूंतील जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक क्षीण होतात, आणि ठेच लागल्यावर तोल सावरावयास तेच हवे असतात. पंजाबच्या मान कौर ९३व्या वर्षी धावू लागल्या. २०१७ साली ऑकलंड येथील जागतिक मास्टर्स क्रीडास्पर्धांत, वयाच्या १०१व्या वर्षी, त्यांनी १०० मीटरचे अंतर ७४ सेकंदांत पार केले.

तथापि ज्याच्यावर घरची माणसे अवलंबून आहेत, त्याचा देह त्याच्या एकट्याचा नसतो. हृदयाची तपासणी न करविता, अंग न तापविता एकाएकी धावत सुटणे हे शौर्य नव्हे. मांडीमागचा स्नायू फाटला तर शुश्रूषा दुसऱ्यालाच करावी लागते. येथे वाग्भट पुन्हा उपयोगी पडतो. आरंभीचे काही आठवडे सौम्य चढावर, निम्म्या वेगानेच धावावे; मग दहा सेकंदांची एक पूर्ण धाव, आणि तीनचार मिनिटे स्वस्थ चालणे.