आकृती आणि अंमल

१९३६ साली केंब्रिजच्या ॲलन ट्यूरिंग या तरुण गणितज्ञाने तर्कशास्त्रातील एका प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी जे यंत्र कल्पिले, ते प्रत्यक्ष चालावे अशी त्याच्या निबंधाची मुळीच मागणी नव्हती. अमर्याद लांबीची एक फीत, तिच्यावरील एकेका चौकोनातील चिन्ह वाचणारे व बदलणारे एक शीर्ष, आणि कोणत्या अवस्थेत कोणते चिन्ह दिसले असता काय करावे याचे कोष्टक, एवढीच त्याची सामग्री. फीत कशाची असावी, ती कोणी ओढावी, लिहिलेले चिन्ह पुसट होऊ लागले तर काय तजवीज करावी, याविषयी त्यात चकार शब्द नाही. आणि असे मौन पाळले म्हणूनच त्यातील निष्कर्ष वाटेल त्या फितीला लागू पडले.

हे मौन मोडण्याची पाळी आली ती बारा वर्षांनी, मँचेस्टर विद्यापीठात. तेथे फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी बांधलेल्या यंत्राने २१ जून १९४८ रोजी स्वतःच्याच स्मृतीत साठवलेली आज्ञावली प्रथम चालवून दाखवली. ही स्मृती म्हणजे चित्रनळीच्या पडद्यावरील विद्युद्भाराचे ठिपके: ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ ठिपके, म्हणजे अमर्याद फितीच्या जागी अवघे १०२४. ठिपके क्षणार्धात विरून जात, म्हणून ते विरण्यापूर्वीच वाचून पुन्हा जसेच्या तसे लिहिण्याचा उद्योग यंत्राला अखंड करावा लागे. वजाबाकीची सोय केल्यावर बेरजेची निराळी सोय कर्त्यांनी केलीच नाही, कारण ऋण संख्या वजा केली की बेरीज आपोआप होते. २ च्या अठराव्या घाताचा, म्हणजे २६२१४४ चा, स्वतःहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधण्यासाठी यंत्राने वरून खाली एकेक संख्या तपासत ५२ मिनिटे घेतली आणि १३१०७२ हे उत्तर दिले. मूळ संख्येची निम्मी करून हेच उत्तर कोणताही शाळकरी मुलगा निमिषात सांगेल; पण कर्त्यांना उत्तराची गरज नव्हती, यंत्र इतका वेळ न चुकता चालते की नाही, हे त्यांना पाहायचे होते.

चित्रनळीचे ठिपके किंवा बेरजेचा अभाव या साऱ्या गोष्टी ट्यूरिंगच्या कोष्टकात नव्हत्या; त्या बांधणाऱ्यांनी पदरच्या घातल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या आणि १९६० साली कामाला लागलेल्या टिफ्रॅक या संगणकाची स्मृती चुंबकी कड्यांची होती. तेथे हाच हिशेब घातला असता तर उत्तरात एका अंकाचाही फरक पडला नसता. विधिमंडळात मंजूर झालेल्या कायद्याचेही बहुधा असेच असते. कलमात न लिहिलेले पुष्कळ काही तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकुनाला ठरवावे लागते, अर्ज कोणत्या नमुन्यात घ्यायचा, दाखला कोणाचा ग्राह्य धरायचा, मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची. आणि यातील बहुतेक बाबींनी कायद्याचा हेतू बिघडत नाही. परंतु एखाद्या प्रकरणी असेही होते की कलम नाममात्र उरते आणि रयतेला भेटतो तो केवळ कारकुनाचा शिरस्ता. संगणकशास्त्रात पहिला प्रकार घडतो, कारण तेथे हवे असलेले उत्तर आधीच ठरलेले असते आणि बांधणी त्याला जुळते की नाही याची रुजुवात घालता येते. मनाच्या शास्त्रात मात्र, जेथे प्रतिमान चालले म्हणून मनही तसेच चालत असले पाहिजे असा दावा केला जातो, तेथे दुसऱ्या प्रकाराची धास्ती सदैव बाळगावी लागते. माझे म्हणणे एवढेच, की तेथे सिद्धान्ताची परीक्षा त्याने लिहिलेल्या कलमांवरून होत नाही. त्याने मोकळ्या सोडलेल्या जागा कोणी व कशाने भरल्या, यावरून होते.

१९५६ च्या जानेवारीत पिट्सबर्ग येथे हर्बर्ट सायमनने जो प्रयोग केला, त्यात या मोकळ्या जागा विलक्षण स्पष्टपणे दिसतात. ॲलन न्यूवेल आणि क्लिफ शॉ यांच्यासह त्याने तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणारी आज्ञावली योजली होती, पण ती चालवण्याजोगी संगणकभाषा अजून तयार व्हायची होती; तेव्हा सायमनने आपली पत्नी, नऊ, अकरा व तेरा वर्षांची तीन मुले आणि काही विद्यार्थी यांना एकत्र बसवून प्रत्येकाच्या हाती एकेक कार्ड दिले. कार्डावर आज्ञावलीच्या एका भागाचे काम किंवा स्मृतीतील एका कप्प्याचा मजकूर लिहिलेला. ज्याची पाळी येई त्याने कार्डावरचा हुकूम तेवढा बजावायचा. आपण काय सिद्ध करीत आहोत हे नऊ वर्षांच्या मुलाला कळण्याची आवश्यकता नव्हती, किंबहुना ते कळले असते तर प्रयोगच फसला असता. त्याच वर्षी ही आज्ञावली जॉनियॅक या संगणकावर चालली आणि व्हाइटहेड व रसेल यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ तिने सिद्ध केली. एका प्रमेयाची तिची सिद्धता तर ग्रंथातील सिद्धतेहून आटोपशीर निघाली.

हे यश खरे आहे, आणि तरीही त्याचे वाटप करायला बसले की हात अडतो. प्रमेये आज्ञावलीपुढे ठेवली गेली ती ग्रंथातील क्रमाने, आणि जे सिद्ध झाले ते पुढच्यासाठी स्मृतीत राहू दिले गेले. तो क्रम कोणाचा? ज्या दोन तर्कवेत्त्यांनी वर्षानुवर्षे खपून कोणते प्रमेय कोणत्यानंतर यावे हे ठरवले, त्यांचा. सायमनच्या सिद्धान्ताने तो मागितला नव्हता. तो सामग्रीबरोबर आयता आला आणि मुकाट्याने कामाला लागला.

याहून बोलके उदाहरण ३० वर्षांनंतरचे आहे. इंग्रजी मुले क्रियापदांची भूतकाळी रूपे शिकताना आधी 'केम' असे बरोबर रूप वापरतात, मग एकाएकी 'कम्ड' म्हणू लागतात आणि कालांतराने पुन्हा 'केम'वर येतात. आपल्याकडेही 'केलं' म्हणणारे मूल मधेच 'करलं' म्हणू लागते आणि घरातले लोक हसतात. ही घसरण म्हणजे मुलाने नियम हस्तगत केल्याचा पुरावा होय, असे भाषाशास्त्रज्ञ मानीत आले होते. १९८६ साली डेव्हिड रुमेलहार्ट आणि जेम्स मॅक्लेलंड यांनी एक जाळे रचून दाखवले, ज्यात नियम म्हणून कोठेही लिहिलेला नव्हता. ४६० आदान-घटक, तितकेच प्रदान-घटक आणि त्यांच्यामधील जोडण्यांचे कमीजास्त होणारे भार, बस्स. त्या जाळ्यानेही आधी बरोबर, मग चूक, मग पुन्हा बरोबर असा तोच प्रवास केला, आणि नियमवाद्यांच्या गोटात खळबळ माजली.

१९८८ साली स्टीव्हन पिंकर आणि ॲलन प्रिन्स यांनी या प्रतिमानाचे दप्तर तपासले. जाळ्याला प्रथम शिकवली होती दहा क्रियापदे, त्यांतील आठ अनियमित. त्यांच्या दहा फेऱ्या झाल्यावर एकदम ४१० नवी क्रियापदे ओतली गेली, आणि त्यांत नियमित रूपांचे प्राबल्य होते. चुका नेमक्या त्याच सुमारास सुरू झाल्या. मुलाच्या कानांवर असा लोंढा कधी येतो काय? मुलांच्या बोलण्याच्या नोंदींत त्यांना तशी एकाएकी वाढ आढळली नाही. शिवाय शब्दाची मांडणी तीन-तीन ध्वनींच्या तुकड्यांत केल्यामुळे, शब्द उलटा वाचून भूतकाळ बनवण्यासारखी, जगातल्या कोणत्याही भाषेत न आढळणारी रीतही त्या जाळ्याला सारख्याच सहजतेने शिकता आली असती. सिद्धान्त जोडण्यांविषयी होता. निकाल लावला तो धडे देण्याच्या क्रमाने.

असे असूनही या वादात मला रुमेलहार्ट-मॅक्लेलंड यांचा पक्ष घ्यावासा वाटतो, निष्कर्षासाठी नव्हे, रीतीसाठी. त्यांनी आपला शिरस्ता आकड्यांसह छापला, म्हणून तो पकडता आला. केवळ शब्दांत मांडलेल्या नियमवादाने आपल्या मोकळ्या जागा कोणाला दाखवल्याच नव्हत्या, आणि नियम व पाठांतर यांची हद्द कोठे पडते हे सांगण्याची जबाबदारी त्यावर आली ती या धक्क्यानंतर. कागदावरची निर्दोष वाटणारी आकृतीदेखील कोणी पायरीपायरीने चालवून पाहिल्याशिवाय निर्दोष समजू नये. १९४७ च्या सुमारास लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस या तरुणाने खुद्द ट्यूरिंगचे सार्वत्रिक यंत्राचे कोष्टक तपासले तेव्हा त्यात चुका निघाल्या. त्या दाखवल्यावर ट्यूरिंग वैतागला, असे डेव्हिसने पुढे सांगितले आहे.

डेव्हिड मार याने मृत्यूनंतर १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दृष्टिविषयक ग्रंथात या प्रश्नावर एक व्यवस्था सुचवली होती: काय साधायचे, कोणत्या रीतीने साधायचे आणि कोणत्या द्रव्यात साधायचे, या तीन पातळ्या स्वतंत्र ठेवाव्यात. उदाहरणादाखल त्याने घेतले ते दुकानातील गल्ल्याचे यंत्र, आणि त्याला ही व्यवस्था चपखल बसते, कारण बेरीज काय असते हे यंत्र घडण्याच्या फार आधी ठाऊक होते. मेंदू हा मात्र असा अंमल आहे की ज्याचा मसुदा कोणत्याही दप्तरात सापडत नाही. चालू कारभार पाहूनच कलमे अजमावायची आहेत, आणि त्यांतील कोणते कलम व कोणता शिरस्ता, हे सांगणारा कोणी नाही.

भूतकाळी रूपांचा वाद अजून मिटलेला नाही. २०१८ साली क्रिस्तो किरोव्ह आणि रायन कॉटरेल यांनी आधुनिक जाळे वापरून दाखवले की जुन्या प्रतिमानाचे बरेचसे दोष आता उरले नाहीत, आणि बनावट क्रियापदांची रूपेही ते माणसासारखी बनवते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी तेच जाळे पुनःपुन्हा चालवून पाहिले तेव्हा, आरंभी जोडण्यांना यदृच्छेने दिलेले भार बदलताच, माणसांच्या उत्तरांशी त्याचे जुळणे वरखाली होऊ लागले. मग त्यांनी प्रत्येक फेरीला एकेक स्वतंत्र माणूस मानून सर्व फेऱ्यांचा मेळ घातला. तरीही जाळे मानवी उत्तरांशी फारसे जुळले नाही, आणि ज्याला ते हटवू पाहत होते त्या एका जुन्या नियमाधिष्ठित प्रतिमानाहूनही ते मागेच राहिले.