रविवारी बंद

१९७७ ते १९९० या काळात रिझर्व्ह बँकेचा एक नियम होता: बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा हवी, तर बँक नसलेल्या चार गावांत शाखा काढा. त्या दिवसांतली ही गोष्ट. मुंबईच्या एका बँकेला पुण्यात शाखा हवी होती, म्हणून तिचे एक साहेब माणदेशात हिंडत होते. गावं शोधत होते म्हणण्यापेक्षा चारचा आकडा पुरा करत होते.

एका गावी ते उतरले तो वार रविवार, बाजाराचा. खिल्लार बैल, मेंढरं, घोंगड्यांच्या थप्प्या, बाजरीची पोती. पाय ठेवायला जागा नाही. साहेबांनी लोकसंख्या, वीज, डांबरी रस्ता, जवळची बँक किती मैलांवर, सगळं टिपलं आणि शेरा मारला: भरपूर वाव.

शाखा निघाली. सोमवार ते शनिवार, साडेदहा ते अडीच. रविवारी बंद.

ठेवी म्हणाल तर मास्तरांचे पगार आणि एका सावकाराचं खातं. तो दर सोमवारी पिशवीभर नोटा आणायचा. मॅनेजर त्याला खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे. वरिष्ठांना कळवायचे की शाखा बरी चालली आहे. खोटंही नव्हतं ते.

पुढे नवे मॅनेजर आले. एकटे होते, हाताने रांधायचे, त्यामुळे रविवारी पिशवी घेऊन बाजारात जाणं आलंच. लिंबाखाली सावकार बसलेला, भोवती भाजीवाल्या बाया. सकाळी नव्वद न्यायचे, दिवेलागणीला शंभर आणून द्यायचे. सोमवारच्या पिशवीतल्या नोटा कुठून येतात, ते मॅनेजरांना तिथं मेथीची जुडी निवडता निवडता कळलं.

"मावशी, बँकेत का येत नाही?"

"कवा येऊ? तुमी उघडता तवा माझ्याजवळ पैका नसतो. माझ्याजवळ असतो तवा तुमच्या दाराला कुलूप."

मॅनेजरांनी सुट्टीचा वार बदलून मागितला. कागद बरेच महिने फिरला. बाजाराचा वार कोणता, हा रकाना पाहणीच्या फॉर्मात नव्हताच, त्यामुळे वरच्यांना मागणीच समजेना. शेवटी मंजुरी आली आणि पाटीवरच्या 'रविवारी'वर रंग मारून 'सोमवारी' लिहिलं गेलं.

त्या सोमवारी सावकार आला, पाटी दोनदा वाचली, पायरीवर थोडा टेकला आणि पिशवी घेऊन परत गेला.

रविवारी तो पुन्हा आला, तेव्हा त्याच्यापुढे अकरा बाया रांगेत होत्या. १९७२ पासून गरिबांसाठी चार टक्क्यांची सरकारी कर्जयोजना होती. मॅनेजर तीच समजावून सांगत होते.

"शंभराला चार," ते म्हणाले.

"सांजच्याला?" मेथीवाल्या मावशीने विचारलं.

"नाही. वर्षाला."

मावशी हसली. मग मागं वळून तिनं सावकाराकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं, "वर्साला?"