फोटोतलं मागचं घर

मामाने फोन माझ्या हातात दिला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. फोटो मावशीच्या लग्नातला, 1987 सालचा. अल्बममधला मूळ फोटो त्याने मोबाइलमध्ये टिपून ठेवला आहे. मुंडावळ्या बांधलेली मावशी अगदी पुढे आहे, पण मामाला ती दाखवायची नव्हती. बोट सरकवत सरकवत त्याने फोटोचा वरचा उजवा कोपरा समोर आणला. तिथे पडवीचा खांब, खांबाला टेकवलेलं सूप, स्वयंपाकघराचं अर्धवट उघडं दार आणि दारात परात घेऊन उभी असलेली आजी. तिची मान वळलेली आहे, चेहरा नीट ओळखूही येत नाही. "आपल्या घराचा एवढाच फोटो आहे बघ," मामा म्हणाला.

आमचं आजोळ नवी मुंबई विमानतळाच्या जागेवर होतं. पनवेल तालुक्यातली चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर अशी दहा गावं त्यासाठी हलली, उलव्याची टेकडी कापून सपाट झाली. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं सुटू लागली. मामा-मामी आता पनवेलजवळच्या वसाहतीत पक्क्या घरात राहतात. घर चांगलं आहे, नळाला पाणी आहे. पण जुन्या घराचा विषय निघाला की मामा हा कोपरा उघडतो. लग्नाच्या फोटोग्राफरने घराचा फोटो काढलाच नव्हता. नवरीच्या मागे घर होतं, म्हणून ते फोटोत आलं आणि म्हणूनच उरलं.

आपण रोज इतके फोटो काढतो, त्यात नेमकं काय जपतो आणि काय गाळतो, याचा विचार मी त्या दिवसापासून करते आहे. फोटो काढताना आपण ज्याला मागे ढकलतो, तेच पुढे शोधावं लागतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

छत्तीस फोटोंचा रोल घालायचा कॅमेरा होता, तेव्हा माणसं प्रसंग निवडून फोटो काढत. बारसं, मुंज, लग्न, फार तर माथेरानची सहल. रोजच्या भाकरीवर रोल कोण खर्च करणार? मोबाइलने ही अडचण संपवली. 2016 साली इंटरनेट स्वस्त झालं आणि फोटो काढण्याइतकंच तो धाडणंही सोपं झालं. त्याच सुमारास फोनमध्ये 'पोर्ट्रेट'ची सोय आली. माणूस ठसठशीत, मागचं सगळं धूसर. खरं तर फोनच्या बारीक लेन्सला पुढचं-मागचं बऱ्यापैकी सारखंच स्पष्ट दिसतं. मागचं धूसर करण्याचं काम फोन नंतर हिशेब मांडून करतो. म्हणजे खांब, सूप, दार आणि दारातली आजी आधी दिसतात आणि मग मुद्दाम पुसली जातात. 1987 साली ही सोय असती, तर आज आमच्याकडे आजोळाचा तो कोपराही नसता.

गेल्या हिवाळ्यात मी चेंबूरहून हार्बरच्या गाडीने पनवेलला गेले. वाशीच्या खाडीपुलावर डब्यातले चार-पाच हात फोन घेऊन खिडकीकडे वळले, त्यात माझाही होता. समोर बसलेल्या बाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडातून भाजणीचा डबा दिसत होता. त्या कुणाकडे तरी निघाल्या होत्या. पाहुणं म्हणून जाणं म्हणजे काय, हे त्या डब्याइतकं नेमकं दुसऱ्या कशात दिसलं नसतं. माझ्या फोनमध्ये मात्र खाडीचं पाणी आहे, आणि तसंच पाणी हजारो फोनमध्ये असेल.

त्या संध्याकाळी मामीच्या माहेरी, नेऱ्याच्या बाजूला, पोपटी लावायची होती. रायगडात थंडीत भाताच्या कापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल होतो. शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस येतात. बांधाबांधावर उगवलेला भांबुर्ड्याचा पाला मामीने दुपारीच खुडून आणला होता. मडक्याच्या तळाशी तिने तो हाताने दाबून बसवला. वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ आणि ओवा, मग बटाटे, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेलं चिकन, पुन्हा शेंगा. शेवटी मडक्याच्या तोंडाशी पाला ठासून भरला. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या आणि गोवऱ्या रचल्या आणि जाळ केला. अर्ध्या तासाने मामीने ओंजळभर पाणी मडक्यावर शिंपडलं आणि कान दिला. चर्र आवाज होऊन पाणी तिथल्या तिथे उडून गेलं. "झाली गं," ती म्हणाली.

आम्ही सातजण होतो. रात्री घरच्या ग्रुपवर साठहून जास्त फोटो आले. जाळ, उघडलेलं मडकं, वाफ, कागदावर पसरलेल्या शेंगा, आम्हा सगळ्यांचे हसरे चेहरे. मामी एकाही फोटोत नव्हती. ती मडकं काढत होती, वाढत होती, राख सारत होती. आणि पोपटी झाल्याची जी एकच खूण असते, तो चर्र आवाज कुणीही टिपला नव्हता.

अमेरिकेतल्या लिंडा हेन्केल या मानसशास्त्राच्या संशोधिकेने संग्रहालय पाहणाऱ्यांवर एक प्रयोग केला होता. तो 2014 साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचा लोकांनी फोटो काढला, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला, तेव्हा आठवण तशी घटली नाही. पुढे 2017 मधल्या आणखी एका अभ्यासात असं दिसलं, की स्वतःच्या इच्छेने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त लक्षात राहतं, पण ऐकलेलं कमी. पोपटीच्या रात्री आमचं हेच झालं. डोळे भरले आणि कान रिकामे राहिले.

फोन खिशात ठेवा, तो क्षण जगा, असा उपदेश पुष्कळ होतो. त्यामागची कळकळ मला समजते, तरी तो मला पटत नाही. ज्यांच्या हाती कधी कॅमेरा आला नाही अशा कितीतरी बायकांच्या हाती फोनने तो दिला. आजीच्या हयातीत घरात कॅमेरा असता, तर तिची मान आमच्याकडे वळवून घेता आली असती. शिवाय सण-समारंभाला पोचू न शकणारा दुबईतला भाऊ त्या ग्रुपवरच घराशी जोडलेला राहतो. फोन दूर ठेवून काही वाचणार नाही. तो कुठे धरायचा, हे ठरवावं लागेल.

स्वयंपाकाच्या बाबतीत हे अधिक निकडीचं आहे. कमलाबाई ओगले यांच्या 1970 च्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचं माप घरोघरी नेलं आणि 'अंदाजाने घाल' या उत्तरापाशी अडलेल्या कितीतरी मुलींचा स्वयंपाक सुरू झाला. पण मडक्याच्या तोंडाशी पाला किती घट्ट दाबायचा, हे वाटीत मोजता येत नाही. ते मामीच्या तळव्याला ठाऊक आहे. पुस्तकाला जे साधत नाही ते दोन मिनिटांच्या व्हिडिओला साधतं. आणि घाई आहे, कारण पनवेलच्या आसपास वालाची शेतं कमी होत आहेत. बांध गेला की भांबुर्डा जातो, आणि भांबुर्ड्याबरोबर पोपटीही जाते. मग उरतो तो हॉटेलच्या फलकावरचा शब्द.

त्याच हिवाळ्यात मी पुन्हा गेले. या वेळी तयार पोपटीचा एकही फोटो काढला नाही. पाला दाबणारे मामीचे हात टिपले. जाळ विझत आला तेव्हा रेकॉर्डिंग चालू करून फोन मडक्यापासून हातभर अंतरावर धरला. व्हिडिओला गावाचं नाव, तारीख आणि मामीचं पूर्ण नाव दिलं. तिच्या हातांचा एक फोटो छापून तिला नेऊन दिला. तो तिने देव्हाऱ्याशेजारी लावला आहे.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी नातलगांकडे जाल तेव्हा सगळ्यांना ओळीत उभं करून फोटो जरूर काढा. पण जी आत ओट्याशी उभी आहे तिचाही एक काढा, ती काम करत असतानाचा. ती बोलत असेल तर आवाज टिपा. नाव आणि तारीख लिहा, आणि वर्षाकाठी निदान दहा फोटो कागदावर छापून ज्याच्या त्याच्या घरी पोचवा. आणि फोटो काढताना मागचं धूसर करू नका. स्वयंपाकघराचं दार उघडं असेल, तर ते दिसू द्या.