माळकऱ्याच्या हातचे ताट

माझा भाचा चेन्नईला शिकतो. गेल्या उन्हाळ्यात तो सुटीला घरी आला नाही. तिरुवल्लिकेणीत विद्यार्थी दाटीवाटीने भाड्याच्या खोल्यांत राहतात, त्या भागात माशांच्या एका हॉटेलात त्याने वेटरचे काम धरले. खोलीभाडे आणि मेसचे पैसे त्यातून निघणार होते. घर वारकरी, मुलाच्या गळ्यात तुळशीची माळ. आई फोनवर म्हणाली, "काम कर, पण माळ तरी काढून ठेव."

त्याने मला विचारले, "मामा, काढू का?"

मला वनपर्वातला धर्मव्याध आठवला. कौशिक नावाचा तपस्वी धर्म समजून घ्यायला मिथिलेला जातो आणि त्याला ज्ञानी भेटतो तो मांसाच्या दुकानात. व्याध स्वतः प्राणी मारत नाही, मांस खात नाही; विकतो मात्र, आणि ते लपवत नाही. कर्मयोगावरील व्याख्यानांत स्वामी विवेकानंदांनीही ही कथा सांगितली आहे. भाच्याने शंका काढली, "व्याधाचा तो वडिलार्जित धंदा. मी तर उद्याही सोडू शकतो." शंका रास्त होती, माझ्याजवळ पुरे उत्तर नव्हते. एवढेच म्हणालो, माळ राहू दे. तिची लाज वाटेल असे काही करावे लागले, तर तेव्हा बघू.

ती वेळ मे महिन्यात आली. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीसाठी. त्या दिवसांत ह्या हॉटेलातले वंजरम, म्हणजे आपली सुरमई, शीतगृहातून येई. गिऱ्हाईक विचारी, "ताजा आहे ना?" मालकाची सूचना होती, 'आज सकाळचा' म्हणायचे. (त्याच भागात समुद्राकाठी अमेरिकेहून आलेला बर्फ साठवण्यासाठी बांधलेले घर आहे, 1897 च्या फेब्रुवारीत स्वामीजी तिथेच नऊ दिवस राहिले होते. बर्फाची तिथे कुणाला लाज नव्हती.)

चार दिवस तो तसे म्हणाला. मग मला फोन. "मामा, मासा पकडला दुसऱ्याने, तळला दुसऱ्याने, खाणारही दुसरा. पण 'आज सकाळचा' हे माझ्याच तोंडून जाते." पगार घेतो त्याचे ऐकायला नको का, हेही त्याला टोचत होते. ते टोचणे खोटे नव्हे. चाकरीलाही धर्म असतो.

हॉटेलाजवळच पार्थसारथीचे देऊळ आहे. तिथला कृष्ण सारथी आहे, दुसऱ्याचा रथ हाकणारा. उत्सवमूर्तीच्या चेहऱ्यावर भीष्मांच्या बाणांचे व्रणही आहेत. अर्जुनाने दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ न्यायला सांगितले, त्याने नेला. आज्ञा तिथवर पाळली. पुढे जे बोलला, ते मात्र रथातल्या माणसाला गोड वाटावे म्हणून बोलला नाही. मी हे भाच्याला सांगितले, आणि निर्णय त्याच्यावर सोडला.

दुसऱ्या दिवशी एका कुटुंबाला तो म्हणाला, "बोटी बंद आहेत, हा बर्फातला आहे." त्यांनी तरीही तोच मागवला. पण मालकाने ऐकले होते. उद्यापासून ऑर्डर घ्यायची नाही, टेबले पुसायची आणि उष्टी उचलायची. पगार तेवढाच, टीप गेली.

आईला मी भीतभीतच कळवले. राजसूय यज्ञात कृष्णाने पाहुण्यांचे पाय धुण्याचे काम घेतले होते, असे काहीतरी समजावू लागलो. तिने मध्येच थांबवले.

"त्याला म्हणावं, उष्टी उचलताना माळ सदऱ्याच्या आत टाकत जा. रस्सा लागेल."