सेनाजींच्या जागी कोण उभे राहिले?

ज्येष्ठात मुक्ताबाईंची पालखी कोथळीहून निघते आणि मलकापूर, मोताळा, बुलढाणा करीत पंढरीच्या वाटेला लागते. त्या वाटेवर आपल्या भागातले शेतकरी असतात, मास्तर असतात, एस.टी.तले कर्मचारी असतात, तशा दवाखान्यातल्या सिस्टरही असतात. गळ्यात माळ आणि हातात दुसऱ्याच्या दुखण्याचे काम, असा दुहेरी नेम त्या सांभाळतात. एक प्रश्न त्यांना वर्षातून अनेकदा पडतो. त्याचा विचार दवाखान्यात होतो, आपल्या प्रवचनात मात्र होत नाही. प्रश्न साधा आहे. आज फोन करून ‘मी आजारी आहे, ड्यूटीवर येत नाही’ असे सांगावे की सांगू नये?

वरवर पाहता ही नोकरीतली बाब वाटते. पण सिस्टर आली नाही तर नुसते टेबल रिकामे राहत नाही. कोणाचे सलाईन संपत आलेले असते, कोणी बाळंतीण कळा देत असते, महामार्गावरच्या अपघातातला कोणी नुकताच आत आणलेला असतो. म्हणून हा प्रश्न धर्माचा आहे, आणि आपण वारकऱ्यांनी त्याकडे नीट पाहिले पाहिजे.

पहिला पक्ष असा मांडतात की शुश्रूषा ही सेवा आहे आणि सेवेला सुट्टी नसते. दाखला पुंडलिकाचा देतात. साक्षात देव दारी आला तरी त्याने आईबापांचे पाय सोडले नाहीत, वीट फेकली आणि देवाला थांबवले. मग अंगात थोडी कसर आली म्हणून सिस्टरने घरी बसायचे का? दुसरा दाखला सावित्रीबाई फुल्यांचा. पुण्यात प्लेग पसरला असता त्या मागे हटल्या नाहीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले, त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

दोन्ही दाखले थोर आहेत, पण ते काय शिकवतात हे नीट पाहावे. सावित्रीबाई रोगाकडे गेल्या तेव्हा धोका त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. तापाने फणफणलेली सिस्टर वॉर्डात जाते तेव्हा धोका तिच्याबरोबर रुग्णाकडे जातो. कमी वजनाचे नवजात बाळ, डायलिसिसवरचा माणूस, कालच ऑपरेशन झालेली म्हातारी, यांना तिचा खोकला महागात पडू शकतो. कोरोनाच्या काळात हे आपण सगळ्यांनी पाहिले. स्वतःचा जीव धोक्यात घालणे हा त्याग होतो. दुसऱ्याचा जीव त्याला न विचारता धोक्यात घालणे याला त्याग म्हणता येणार नाही, मग मनातला भाव कितीही शुद्ध असो. पुंडलिकाची सेवाही आईबापांना सुख व्हावे म्हणून होती. आपण किती झिजतो हे दिसावे म्हणून नव्हती. तेव्हा ताप, उलट्या, पसरणारा खोकला असेल तर घरी राहणे हीच त्या दिवसाची सेवा, आणि त्याबद्दल मनाला टोचणी लावून घेऊ नये.

यापेक्षा अवघड गोष्ट थकव्याची. ताप नाही, पण सलग रात्रपाळ्या झाल्या आहेत, घरी लेकरू आजारी आहे, डोळे मिटत आहेत. याला आजार म्हणावे का? माणूस सलग १७ तास जागा राहिला की त्याच्या हालचाली आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे मंदावतात, असे १९९७ साली संशोधकांनी दाखवून दिले. आपल्या देशात गाडी चालवणाऱ्याला कायद्याने ०.०३ टक्क्यांपर्यंतच मुभा आहे. म्हणजे ज्या अवस्थेत ट्रक चालवू देणार नाही, त्या अवस्थेत आपण सिस्टरच्या हाती इंजेक्शन देतो. औषधाच्या मात्रेतला एक दशांश चिन्ह चुकला तर काय होते, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. तेव्हा थकवा हे ढोंग नव्हे. फक्त तो जसा आहे तसा सांगावा. ‘मला ताप आहे’ असे खोटे सांगण्यापेक्षा ‘माझ्या हातून चूक होईल, आज मला वॉर्ड देऊ नका’ हे बोलणे कठीण असते. पण खरे असते.

इथे आपल्या सप्ताहातली वीणा आठवावी. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पण एकच माणूस सात दिवस ती धरून उभा असतो का? नाही. पहारे लावलेले असतात. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालावी, पाया पडावे आणि जाऊन निजावे. अखंड असते ती सेवा, सेवेकरी बदलत असतो. जो पहारेकरी हट्टाने उभा राहतो आणि पहाटे वीणेसकट कोसळतो, त्याने सेवा वाढवली असे कोणी म्हणणार नाही. मात्र याची दुसरी बाजूही आहे. पुढचा पहारेकरी आला नाही तर उभा असलेल्याला वीणा टाकून जाता येत नाही. त्याचे पाय सुजले तरी तो उभाच राहतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग यांची हकीकत अनेकांना माहीत आहे. त्या स्वतः परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर रुग्णालयातच क्रूर हल्ला झाला आणि पुढे १८ मे २०१५ रोजी प्राण जाईपर्यंत त्या अंथरुणावरच होत्या. सुमारे ४२ वर्षे तिथल्या परिचारिकांनी त्यांना भरवले, पुसले, कूस बदलून दिली. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. ज्यांनी अरुणाताईंना चालता-बोलता कधी पाहिलेही नव्हते, अशा मुलींनी ती सेवा पुढे नेली. हे एका कोणाच्या अंगमेहनतीने झाले नसते. प्रत्येकीने आपला पहारा केला आणि वेळेवर पुढचीच्या हाती दिला, म्हणून झाले.

आता तिसरी गोष्ट, जी आपल्याला जास्त लागते. रजा मंजूर होत नाही, आषाढी जवळ आलेली असते, नेम चुकू नये म्हणून जीव तळमळतो आणि मग फोन जातो, ‘अंगात ताप आहे.’ दिंडीत गेल्यावर ही गोष्ट कधी हसत सांगितली जाते आणि आपण काय म्हणतो? ‘माउली, पांडुरंगानेच तुम्हाला बोलावले!’ कोणी सेनाजींची कथाही सांगतो.

तीच कथा नीट पाहू. सेना न्हावी पूजेला बसले होते. राजाचे बोलावणे आले. सेनाजी घरी नाहीत, असा निरोप गेला. राजा कोपला. तेव्हा विठ्ठलाने सेनाजींचे रूप घेतले, काखेत धोकटी मारली आणि जाऊन राजाची हजामत केली. आपण ही कथा ऐकतो आणि डोळे पुसतो. भक्तासाठी देव न्हावी झाला, यापरते प्रेम कोणते?

पण कथेतले एक कलम आपण सोडून देतो. काम पडून राहिले नाही. ते कोणाला तरी करावेच लागले. सेनाजींच्या जागी कोणीतरी उभे राहिले, तेव्हाच कथा पुरी झाली. आणि सेनाजींना हे कळले तेव्हा त्यांनी मिशीला पीळ दिला नाही. आपल्यासाठी देवाला राबावे लागले, याचे त्यांना दुःख झाले आणि त्यांनी राजाची चाकरीच सोडली, असे सांगतात.

दवाखान्यात खोटा फोन गेला की तिथेही जागा रिकामी राहत नाही. दुपारी दोनला आलेली सिस्टर रात्री आठला घरी जायची असते. तिला सांगतात, ‘रिलिव्हर नाही, तूच थांब.’ ती सकाळी आठपर्यंत, म्हणजे सलग १८ तास वॉर्डात उभी राहते. घरी तिची लेकरे वाट पाहत असतात. सर्वांभूती देव पाहावा, हे आपण रोज म्हणतो. तसे असेल तर त्या रात्री आपल्या जागी विठ्ठल आला होता हे अगदी खरे आहे. तो त्या दमलेल्या सिस्टरच्या रूपाने आला होता. आपण चंद्रभागेच्या तीरावर त्याला शोधत होतो आणि इकडे मलकापुरात आपणच त्याला डबल ड्यूटीला लावले होते.

कोणी म्हणेल, मग सिस्टरने वारी करूच नये काय? नेमाची तळमळ खोटी नाही आणि तिची थट्टा करू नये. पण आपल्या संप्रदायानेच यावर वाट दाखवली आहे. अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, आणि पांडुरंगच त्यांच्या भेटीला जातो अशी परंपरा आहे. काशीची कावड रामेश्वराला नेताना नाथांनी ती तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. यात्रा अपुरी राहिली असे संतांनी मानले नाही. ज्या वर्षी रजा मिळाली नाही, त्या वर्षी पालखी गावातून जाताना दर्शन घ्यावे आणि ड्यूटीवर जावे. तो नेम मोडत नाही. आणि पहारे जसे आपसांत लावतात, तसे दवाखान्यातही लावता येतात. यंदा तू जा, पुढच्या वर्षी मी. तुझ्या ईदेला, नाताळाला मी उभी राहते, माझ्या एकादशीला तू राहा. हे आधी बोलून ठरवले तर खोटे बोलायची वेळ येत नाही.

सगळा भार सिस्टरवर टाकूनही चालणार नाही. राज्य शासनाच्या रजेच्या नियमांत वर्षाला ३० दिवस अर्जित आणि २० दिवस अर्धपगारी रजा धरलेली आहे. परिचारिका किती असाव्यात याच्या निकषांत सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक असे प्रमाण आहे, आणि त्यावर रजेसाठी ३० टक्के जास्तीच्या धराव्यात असे म्हटले आहे. म्हणजे माणूस आजारी पडणार, थकणार, हे नियम करणाऱ्यालाही ठाऊक होते. ते जास्तीचे हात जिथे भरलेच जात नाहीत, तिथे एकीचा खरा तापसुद्धा दुसरीवर अन्याय ठरतो. त्या अन्यायाचा दोष तापाने पडलेलीचा नाही. कंत्राटावरच्या सिस्टरला तर आजारपणात पगार कापला जाण्याची भीती असते. पहारेच कमी लावले असतील तर वीणेकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

तेव्हा फोन उचलण्याआधी तीन गोष्टी मनाला विचाराव्यात. मी गेले तर रुग्णाला माझ्यापासून धोका आहे का? मी नाही गेले तर माझ्या जागी कोण उभे राहील, आणि हे कारण मी तिच्या डोळ्याला डोळा देऊन सांगू शकेन का? तिसरी, हे मला आधी सांगता आले असते का? उत्तरे खरी मिळाली तर जाणेही सेवा आहे आणि न जाणेही सेवा आहे.

दुसऱ्याच्या आजाराची मात्र परीक्षा घेऊ नये. ‘तिला खरेच ताप होता का?’ ही चौकशी आपली नव्हे. आपली गोष्ट एवढीच. दिंडीत कोणी खोट्या तापाची गोष्ट सांगितली, तर ‘पांडुरंगाने बोलावले’ असे म्हणण्याआधी हळूच विचारावे, ‘माउली, तुमच्या जागी आज कोण उभे आहे?’ नाव कळले तर दर्शन घेताना त्या माउलीसाठीही एक दंडवत घालावा, आणि गावी परतल्यावर तिचा एक पहारा आपल्याकडे घ्यावा.

रामकृष्ण हरि.