बिऱ्हाड, घर आणि चाके

मराठी भाषेने ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ या दोन शब्दांत एक सूक्ष्म भेद राखला आहे. घर बांधले जाते, बिऱ्हाड केले जाते. घराला पाया असतो, बिऱ्हाडाला मुदत असते. नोकरीनिमित्त परगावी गेलेला मनुष्य तेथे बिऱ्हाड करतो, त्याचे घर मात्र मागे राहिलेल्या गावी असते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण याच भेदातून आली. तिच्यात थोडी थट्टा आहे आणि थोडी कीवही आहे. परंतु ही म्हण विंचवाने केलेली नाही. ज्याला दार आहे, अंगण आहे, त्याने ती केली आहे. स्थिर माणसाने फिरत्या माणसाकडे पाहण्याची एक संपूर्ण दृष्टी त्या तीन शब्दांत सामावलेली आहे.

जुनी बस विकत घ्यावी, आतील आसने उपसून टाकावीत, त्या जागी बिछाना, ओटा, पाण्याची टाकी बसवावी आणि स्वतःच्या हातांनी तिचे चालते घर करावे, ही हौस जगात अनेकांना जडली आहे आणि भारतातही ती रुजू लागली आहे. वरवर पाहता हा सुतारकामाचा व यंत्रज्ञानाचा विषय आहे. वस्तुतः त्यात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे : माणसाला घर कशामुळे लाभते? एका जागी राहण्यामुळे, की राहत्या जागेविषयीचे उत्तरदायित्व पत्करण्यामुळे?

हा प्रश्न तपासण्यासाठी रायपूरची गुढियारी ही वस्ती सोयीची आहे. रेल्वे स्थानकाच्या पलीकडल्या अंगाला असलेला हा घाऊक व्यापाराचा भाग. माल येतो, उतरतो, पुन्हा चढतो. थांबणे आणि निघणे हा येथील व्यवहाराचा स्वभाव आहे. रायपूर शहरातील मराठी कुटुंबांची कथाही काही वेगळी नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली, तिच्याबरोबर मराठी माणसे आली. पुढे नोकरी-व्यवसायासाठी आणखी आली. १९५६ पर्यंत नागपूर व रायपूर एकाच राज्यात होते. त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली, सीमा मध्ये आली, आणि २००० साली छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. माणसे हलली नाहीत. राज्ये मात्र त्यांच्या पायांखालून दोनदा हलली. पिढ्यांमागे केलेले बिऱ्हाड नकळत घर झाले. तेव्हा घर आणि बिऱ्हाड यांतील सीमारेषा भाषेत दिसते तितकी पक्की नाही, हे येथल्या मराठी माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

समजा, गुढियारीतील एखाद्या गृहस्थाने एक जुनी खाजगी बस आपल्या दारात आणून उभी केली. ‘खाजगी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कारण १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते, आणि राज्य परिवहन मंडळांच्या गाड्याही त्यात येतात. लोकांच्या मालकीच्या बसला दुसरा जन्म नाही. तिला मोडीतच निघावे लागते. यातील करुणा मराठी वाचकाला चटकन जाणवेल. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एस. टी. धावली, आणि पुढील अनेक दशके खेड्यातील मुलीची शाळा, आजाऱ्याचे इस्पितळ, माहेरवाशिणीचे माहेर त्या गाडीवर अवलंबून राहिले. या गाड्यांची अंगे दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळील हिंगणा येथील महामंडळाच्या कार्यशाळांत बांधली गेली. कारखान्यातून येते ती उघडी चासी. तिच्यावर सांगाडा उभारून पत्रा चढवतात ते कारागीर. म्हणजे बस ही मुळातच हातांनी बांधलेली वास्तू आहे. तिचे घर करणारा मनुष्य नव्याने काही निर्माण करीत नाही; आधीच्या कारागिराच्या कामावर तो दुसरा हात फिरवतो. ही जाणीव त्याला असली, तर त्याच्या हौसेला एक नम्रता येते.

स्वतः काम करणाऱ्याला बस अनेक गोष्टी शिकवते. आसने काढल्यावर प्रथम दिसतो तो गंज. जमिनीखालच्या पट्ट्या कुजल्या असतील तर वरची लाकडी फरशी कितीही देखणी केली तरी ती फसवणूकच ठरते. मग येतो पाण्याचा प्रश्न. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोनशे लिटरांची टाकी म्हणजे तीन माणसांचा भार, तोही वळणावर हिंदकळणारा. तो एका बाजूस ठेवता येत नाही, समतोल साधून बसवावा लागतो. पारा ४४ अंशांच्या पुढे जाणाऱ्या रायपूरच्या मे महिन्यात पत्र्याचे छत तव्यासारखे तापते. त्यामुळे छताच्या आत उष्णतारोधक थर द्यावा लागतो आणि हवा खेळती ठेवावी लागते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर खाली साचतो, म्हणून त्याच्या कप्प्याला तळाशी झरोका लागतो. आणि अखेरचा प्रश्न सांडपाण्याचा. ते टाकीत जमते, टाकी भरते, मग ती कोठे रिकामी करावयाची?

या साध्या प्रश्नापाशी सुतारकाम संपते आणि नीतिविचार सुरू होतो. पायावर उभ्या असलेल्या घरात मोरीतून गेलेले पाणी पुढे कोठे जाते, याचा विचार करण्याचे कारण पडत नाही. नगरपालिकेने, गटाराने आणि गटारात उतरणाऱ्या कोणा अनामिक माणसाने ती चिंता वाहिलेली असते. चालत्या घरात मात्र स्वतःची घाण स्वतःबरोबर वाहावी लागते. आपण किती वापरतो आणि किती मागे टाकतो, याचा हिशेब तेथे दररोज डोळ्यांसमोर असतो. चालत्या घरामुळे माणूस स्वतंत्र होतो असे सांगितले जाते. खरे पाहता त्यामुळे तो आपल्या परावलंबनाविषयी जागा होतो. अर्थात ती टाकी रात्रीच्या अंधारात एखाद्या नाल्यात ओतून पुढे निघून जाणेही शक्य आहे. स्थिर माणसाला शेजाऱ्याची लाज असते; फिरत्याला ती स्वतःच्या आत बाळगावी लागते.

याहून अवघड प्रश्न कायद्याच्या अंगाने येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ यातील कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा स्पष्ट केली. प्रवासी बसचे निवासी वाहन करावयाचे तर नोंदणी अधिकाऱ्याची संमती हवी, नोंदपत्रावर तसा बदल हवा. यात गैर काही नाही. रस्ता सर्वांचा आहे. पण त्याच कायद्याचे कलम ४० सांगते की वाहनाची नोंदणी मालकाच्या निवासस्थानावरून अथवा व्यवसायाच्या जागेवरून ठरते. म्हणजे चाकांवरचे घर हवे असेल तर आधी चाकांवर नसलेले घर किंवा दुकान दाखवावे लागते. फिरण्याचे स्वातंत्र्य त्यालाच मिळते, ज्याला परतण्याचा पत्ता आहे.

ज्यांना तो पत्ता कधीच नव्हता, त्यांचे काय झाले? गाडिया लोहारांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. १५६८ साली चितोड पडले, तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी गड पुन्हा हाती येईपर्यंत छपराखाली न राहण्याची शपथ घेतली, आणि बैलगाडी हेच त्यांचे घर झाले. ६ एप्रिल १९५५ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा चितोडगडावर समारंभपूर्वक प्रवेश झाला. पण त्यानंतरही अनेकांच्या गाड्या रस्त्याच्या कडेलाच राहिल्या. महाराष्ट्रात घिसाडी, कैकाडी आणि अशा कितीतरी जमाती पालांतून जगल्या. छत्तीसगडात देवार जगले. इंग्रज सरकारच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला तरी संशय रद्द झाला नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनांनी हा अनुभव मराठी साहित्याच्या मध्यभागी आणला. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. तरी रहिवासाचा पुरावा नाही म्हणून शिधापत्रिका नाही, आणि शिधापत्रिका नाही म्हणून रहिवासाचा पुरावा नाही, हे वर्तुळ अनेकांच्या वाट्याला येतच राहिले.

एकाने गावाबाहेर गाडी उभी केली तर तो प्रवासी, दुसऱ्याने केली तर तो संशयित. दोघांचेही बिऱ्हाड चाकांवर आहे. फरक आहे तो खिशातील कागदाचा. परदेशातही ही विभागणी दिसते. अमेरिकेत केन केसी व त्यांच्या मित्रांनी १९६४ साली १९३९ सालची एक जुनी शाळेची बस रंगवून देशभर नेली, तेव्हा ती मुक्ततेची खूण मानली गेली. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर त्याच देशात अनेक वृद्ध माणसे घरभाडे परवडेना म्हणून गाड्यांत राहू लागली. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. वाहन तेच; एका ठिकाणी ती निवड होती, दुसऱ्या ठिकाणी ती निरुपायाची वाट होती.

यावर असा आक्षेप घेता येईल की, देवाराला पाल मिळत नाही म्हणून गुढियारीतील गृहस्थाने आपली बस मोडीत काढावी काय? एकाच्या वंचनेने दुसऱ्याचा आनंद दोषी ठरतो काय? हा आक्षेप रास्त आहे. आनंद दोषी ठरत नाही. अपराधभावनेने कोणाच्याही पालावर छप्पर चढलेले नाही. पण आनंद आंधळा मात्र असू शकतो. भटकेपणाचे गोडवे गाणाऱ्याने ज्यांच्यावर भटकेपणा लादला गेला त्यांना ओळखू नये, हा खरा दोष होय. उलट, चाकांवरच्या मुक्कामात रात्री कोणीतरी दारावर काठी आपटून ‘येथे थांबता येणार नाही’ असे म्हटले, तर त्या क्षणी या गृहस्थाला पालातल्या माणसाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे आयुष्य क्षणभर कळण्याची शक्यता असते. ती शक्यता तो कशी वापरतो, यावर त्याच्या हौसेचे नैतिक मोल ठरावे.

या हौसेला सार्वजनिक वळणही देता येते. पुण्यात २०१६ पासून मोडीत निघालेल्या शहर बसगाड्यांतून ‘ती’ या नावाने स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभी राहिली. तीच आसने काढणे, त्याच टाक्या, तीच नळजोडणी. पण प्रश्न निराळा विचारलेला. ‘मला कोठे जाता येईल’ याऐवजी ‘जिला जाण्याची जागाच नाही तिच्यासाठी काय करता येईल’, असा तो प्रश्न होता. तेथे बसने आपले सार्वजनिक शील चाके थांबल्यावरही सोडले नाही. रायपुरातच जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनीही एका अर्थाने हेच केले. गाव ज्या देवार कलावंतांना वेशीबाहेर ठेवीत होते, त्यांना त्यांनी रंगभूमीच्या मध्यावर उभे केले.

घर कशामुळे लाभते, या प्रश्नाचे उत्तर मग चाकांत नाही आणि पायातही नाही. जेथून आपल्याला कोणी उठवत नाही, आणि जेथून निघताना आपण मागे इतरांसाठी घाण ठेवीत नाही, ती जागा घर होय. यातील पहिली गोष्ट समाजाने द्यावयाची असते, दुसरी आपण. गुढियारीतील त्या गृहस्थाने वजन, पाणी आणि उष्णता यांचा हिशेब बरोबर केला तर त्याची बस रस्त्यावर नीट चालेल. वाटेत रस्त्याकडेला एखादी बैलगाडी वा पाल दिसले, आणि तेथल्या माणसांकडे त्याने शेजाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर ती बस त्याचे घरही होईल.